निरपेक्ष व स्थलांतरक्षम पत्तासंदर्भ

निरपेक्ष पत्तासंदर्भ आणि स्थलांतरक्षम पत्तासंदर्भ हे असेंब्ली भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत स्मृतिस्थानांचा उल्लेख करण्याचे दोन प्रकार होत. आज्ञावली संगणकाच्या स्मृतीत कोठेही ठेवली तरी ज्या संदर्भाचे मूल्य तेच राहिले पाहिजे, तो निरपेक्ष संदर्भ होय. आज्ञावली जितक्या स्थानांनी सरकते तितक्याच स्थानांनी ज्याचे मूल्य सरकले पाहिजे, तो स्थलांतरक्षम संदर्भ होय. तांत्रिक व्यवहारात यांना अनुक्रमे ‘ॲब्सोल्यूट’ आणि ‘रिलोकेटेबल’ असे म्हटले जाते. यंत्रभाषेत रूपांतर झाल्यावर दोन्ही प्रकारचे संदर्भ केवळ अंक म्हणून उरतात आणि त्या अंकांकडे पाहून त्यांचा प्रकार ओळखता येत नाही. म्हणून असेंब्लर, लिंकर आणि लोडर या तिन्ही साधनांना हा भेद स्वतंत्र नोंदीच्या रूपाने जपावा लागतो.

पार्श्वभूमी

संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक स्थानाला एक क्रमांक असतो. त्याला पत्ता म्हणतात. आज्ञावलीतील अनेक आज्ञांमध्ये असे पत्ते येतात, उदाहरणार्थ पुढे कोणत्या आज्ञेकडे जायचे, कोणत्या स्थानातील संख्या वाचायची किंवा कोणता उपकार्यक्रम बोलवायचा. आज्ञावली नेहमी एकाच ठिकाणी ठेवली जाणार असेल, तर हे पत्ते लिहितानाच कायमचे ठरवता येतात. प्रत्यक्षात मात्र एकाच स्मृतीत अनेक आज्ञावल्या नांदतात, एकच उपकार्यक्रम वेगवेगळ्या आज्ञावल्यांत वापरला जातो आणि निरनिराळ्या यंत्रांवर मोकळी स्मृती निरनिराळ्या पत्त्यांपासून सुरू होते. अशा वेळी आज्ञावली जागेवरून हलवावी लागते आणि तिच्यातील कोणते अंक बदलायचे व कोणते नाहीत, हा प्रश्न उभा राहतो.

उदाहरण

भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत इंटेल ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक अनेक वर्षे शिकवला गेला आहे. प्रयोगशाळेतील प्रशिक्षणसंचावर विद्यार्थी यंत्रभाषेतील अंक कळफलकावरून एकेक करून भरतात. पुढील आज्ञावली ‘बी’ या रजिस्टरमध्ये पाच ही संख्या ठेवून ती शून्य होईपर्यंत एकेकाने कमी करते. सर्व अंक षोडशमान पद्धतीतील आहेत आणि पत्त्याच्या शेवटचे ‘एच’ हे अक्षर त्या पद्धतीची खूण आहे.

२०००एच : ०६ ०५ — एमव्हीआय बी, ०५एच
२००२एच : ०५ — फेरा: डीसीआर बी
२००३एच : सी२ ०२ २० — जेएनझेड फेरा
२००६एच : ७६ — एचएलटी

तिसऱ्या आज्ञेतील ‘सी२’ हा ऑपकोड असून त्याचा अर्थ ‘उत्तर शून्य नसेल तर उडी घ्या’ असा आहे. त्यापुढील ‘०२ २०’ हे दोन बाइट म्हणजे २००२एच हा पत्ता होय. ८०८५ मध्ये पत्त्याचा कनिष्ठ बाइट आधी व वरिष्ठ बाइट नंतर लिहिला जातो.

हेच सात बाइट जसेच्या तसे ८०००एच या पत्त्यापासून भरले, तर पहिल्या दोन आज्ञा नीट चालतात. तिसरी आज्ञा मात्र ८००२एच ऐवजी २००२एच या जुन्याच पत्त्याकडे उडी घेते. तेथे जे काही असेल ते आज्ञा समजून चालवले जाते. तेथे जुनी प्रत शिल्लक असेल तर उत्तर बरोबर आल्यासारखे दिसते आणि चूक झाकली जाते. आज्ञावली नव्या जागी योग्य चालण्यासाठी शेवटच्या पत्त्यातील ‘२०’ च्या जागी ‘८०’ लिहावे लागते. ०५ ही मोजणीची संख्या मात्र तशीच राहिली पाहिजे. म्हणजे या आज्ञावलीत २००२एच हा संदर्भ स्थलांतरक्षम आहे, तर ०५ हे मूल्य निरपेक्ष आहे.

येथे माणसाला फरक सहज कळतो, कारण त्याने आज्ञावलीचा हेतू वाचलेला असतो. ‘२१ ०२ २०’ या तीन बाइटांबाबत तसे घडत नाही. ही ‘एलएक्सआय एच’ आज्ञा असून ती एच-एल या रजिस्टरजोडीत २००२एच ही संख्या ठेवते. ती संख्या एखाद्या कोष्टकाचा पत्ता असेल, तर आज्ञावली हलवताना ती बदलली पाहिजे. ती ८१९४ वेळा फिरणाऱ्या फेऱ्याची मोजणी असेल, तर ती बदलता कामा नये. दोन्ही वेळी बाइट तेच असतात. हा निर्णय करण्यासाठी लागणारी माहिती मूळ असेंब्ली मजकुरात असते, यंत्रभाषेत नसते.

निरपेक्ष संदर्भांची आवश्यकता

स्थलांतर सोयीचे असले तरी सर्व संदर्भ स्थलांतरक्षम करून चालत नाही. काही स्थाने यंत्राच्या रचनेनेच निश्चित केलेली असतात. ८०८५ मध्ये ‘ट्रॅप’ हा व्यत्यय आल्यावर प्रक्रियक ००२४एच या पत्त्याकडे जातो आणि ‘आरएसटी ७.५’ साठी ००३सीएच या पत्त्याकडे जातो. आज्ञावली कोठेही असली तरी हे पत्ते बदलत नाहीत. सीपी/एम या कार्यप्रणालीत तिच्या सेवा मागण्यासाठी ०००५एच हे प्रवेशस्थान ठरलेले होते आणि आज्ञावल्या ‘कॉल ५’ अशी आज्ञा देत. ही आज्ञा ज्या आज्ञावलीत आहे ती सरकवताना ०००५एच हा अंकही सरकवला, तर कार्यप्रणालीशी असलेला तिचा संबंधच तुटतो. बदलायला हवा तो संदर्भ न बदलणे आणि बदलायला नको तो बदलणे, या दोन्ही चुका सारख्याच घातक ठरतात.

असेंब्लरमधील नोंद

असेंब्लर मूळ मजकूर वाचताना स्थानगणक नावाचा एक आकडा सांभाळतो. प्रत्येक आज्ञेने व्यापलेल्या बाइटांइतका तो पुढे सरकतो. एखादे नाव आज्ञेपुढे खूणचिठ्ठी म्हणून आले, तर त्या क्षणीचे स्थानगणकाचे मूल्य त्या नावासमोर चिन्हसारणीत लिहिले जाते. स्थलांतरक्षम आज्ञावली तयार करणारा असेंब्लर या मूल्यासोबत त्याचा प्रकारही लिहितो. खूणचिठ्ठीचा प्रकार ती ज्या विभागात आहे त्यावरून ठरतो. ‘ईक्यूयू’ या सूचनेने साध्या संख्येला दिलेले नाव मात्र निरपेक्ष राहते.

८०८० व ८०८५ साठी वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रो-८० या असेंब्लरमध्ये हे विभाग स्पष्ट दिसतात. ‘एएसईजी’ ही सूचना निरपेक्ष विभाग सुरू करते, तर ‘सीएसईजी’ आणि ‘डीएसईजी’ या सूचना अनुक्रमे आज्ञांचा आणि विदेचा स्थलांतरक्षम विभाग सुरू करतात. असेंब्लरने छापलेल्या सूचीत आज्ञाविभागातील पत्त्यापुढे एकेरी अवतरणचिन्ह, विदाविभागातील पत्त्यापुढे दुहेरी अवतरणचिन्ह येते आणि निरपेक्ष मूल्यापुढे काहीच येत नाही. अंकाबरोबर त्याचा प्रकारही वाचायचा असतो, हे त्या सूचीवरून लक्षात येते.

‘ओआरजी’ या सूचनेचा अर्थही विभागानुसार बदलतो. निरपेक्ष विभागात ‘ओआरजी १००एच’ म्हणजे पुढील मजकूर नेमका १००एच या पत्त्यावर राहील. स्थलांतरक्षम विभागात त्याच सूचनेचा अर्थ विभागाच्या आरंभापासून १००एच अंतरावर असा होतो. तो आरंभ कोठे असेल हे पुढे लिंकर ठरवतो.

पदावल्यांचे नियम

असेंब्ली भाषेत नावांची बेरीज-वजाबाकी करून पत्ते लिहिता येतात. अशा पदावलीचा प्रकार कोणता, हे पुढील साध्या विचाराने ठरते. आज्ञावली ‘स’ इतक्या स्थानांनी सरकवली तर प्रत्येक स्थलांतरक्षम मूल्य ‘स’ ने वाढते आणि निरपेक्ष मूल्य तसेच राहते. यावरून नियम असे मिळतात :

स्थलांतरक्षम अधिक किंवा उणे निरपेक्ष : उत्तर स्थलांतरक्षम.
स्थलांतरक्षम उणे त्याच विभागातील स्थलांतरक्षम : उत्तर निरपेक्ष.
निरपेक्ष आणि निरपेक्ष यांवरील कोणतीही क्रिया : उत्तर निरपेक्ष.
स्थलांतरक्षम अधिक स्थलांतरक्षम : सामान्यतः अवैध.
स्थलांतरक्षम मूल्याचा गुणाकार किंवा भागाकार : सामान्यतः अवैध.

समजा, एखादा संदेश विभागाच्या आरंभापासून ०१२०एच वर सुरू होतो आणि ०१३४एच वर संपतो. शेवटातून आरंभ वजा केल्यास १४एच, म्हणजे २० ही लांबी मिळते. विभाग २०००एच ने सरकवला तर पत्ते २१२०एच व २१३४एच होतात, पण वजाबाकी १४एच हीच राहते. म्हणून संदेशाची लांबी निरपेक्ष आहे. याच दोन पत्त्यांची बेरीज मात्र ०२५४एच वरून ४२५४एच होते, म्हणजे ४०००एच ने, मूळ सरकण्याच्या दुपटीने वाढते. अशा मूल्याला स्मृतीतील स्थान म्हणून काही अर्थ उरत नाही, म्हणून असेंब्लर ते नाकारतो.

वजाबाकीच्या नियमातील ‘त्याच विभागातील’ ही अट महत्त्वाची आहे. दोन विभाग स्वतंत्रपणे सरकू शकतात, त्यामुळे एका विभागातील पत्त्यातून दुसऱ्या विभागातील पत्ता वजा केल्यास उत्तर स्थिर राहण्याची हमी नसते.

या नियमांचा एक प्रसिद्ध अनुभव नॅझम या असेंब्लरमध्ये येतो. वैयक्तिक संगणकाच्या चकतीवरील आरंभखंड ५१२ बाइटांचा असतो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण असते. म्हणून पहिल्या ५१० बाइटांतील उरलेली जागा शून्यांनी भरावी लागते. नवशिके तेथे ‘५१० − $’ इतक्या वेळा शून्य भरण्याची सूचना लिहितात आणि असेंब्लर ती नाकारतो. $ हे चालू स्थानाचे चिन्ह असून ते विभागाच्या आरंभावर अवलंबून आहे. त्यामुळे ते शुद्ध संख्या नसते आणि तितक्या वेळा एखादी कृती करता येत नाही. ‘५१० − ($ − $$)’ असे लिहिल्यास सूचना मान्य होते. $$ हा विभागाचा आरंभ आहे. दोन स्थलांतरक्षम मूल्यांच्या वजाबाकीने अंतर ही निरपेक्ष संख्या मिळते.

ऑब्जेक्ट फाइल, लिंकर आणि लोडर

असेंब्लर आज्ञावलीचे यंत्रभाषेतील रूप ऑब्जेक्ट फाइलमध्ये लिहितो. तीत आज्ञांच्या बाइटांखेरीज स्थलांतरणाच्या नोंदी असतात. प्रत्येक नोंद अमुक अंतरावरील अंकात अमुक विभागाचा किंवा चिन्हाचा पत्ता मिळवावा, असे सांगते. लिंकर निरनिराळ्या ऑब्जेक्ट फाइलींतील विभाग एकापुढे एक मांडतो, त्यांचे आरंभ ठरवतो आणि नोंदींप्रमाणे अंक दुरुस्त करतो. दुसऱ्या फाइलमध्ये असलेल्या नावांचे संदर्भ बाह्य संदर्भ म्हणून नोंदलेले असतात. त्यांचे मूल्य लिंकरला सर्व फाइली पाहिल्यावरच कळते. आज्ञावली चालवण्याच्या वेळी तिची जागा ठरत असेल, तर उरलेली दुरुस्ती लोडर करतो.

एमएस-डॉस या कार्यप्रणालीतील दोन प्रकारच्या फाइलींत हा फरक दिसतो. ‘कॉम’ प्रकारच्या फाइलमध्ये स्थलांतरणाच्या नोंदी नसतात. ती कोणत्याही सेगमेंटमध्ये नेहमी १००एच या अंतरावर ठेवली जाते आणि तिच्यातील पत्ते त्या सेगमेंटच्या आरंभापासूनची अंतरे असतात. त्यामुळे नोंदींची गरज भासत नाही, पण आज्ञावली एका सेगमेंटच्या ६४ किलोबाइट मर्यादेत बसवावी लागते. ‘ईएक्सई’ प्रकारच्या फाइलच्या आरंभी स्थलांतरण-कोष्टक असते. त्यात दाखवलेल्या प्रत्येक ठिकाणच्या अंकात लोडर आज्ञावलीचा आरंभीचा सेगमेंट मिळवतो.

पत्त्याचा केवळ अर्धा भाग वापरला असेल, तर नोंद अधिक नाजूक होते. २०एफ०एच हा पत्ता ००२०एच ने सरकवल्यास २११०एच होतो, म्हणजे कनिष्ठ बाइटातील हातचा वरिष्ठ बाइटात जातो. आज्ञेत फक्त वरिष्ठ बाइट लिहिलेला असेल, तर कनिष्ठ बाइट माहीत असल्याशिवाय त्याची दुरुस्ती होऊ शकत नाही.

दोन प्रतींची तुलना

एकाच यंत्रभाषेतील प्रतीवरून संदर्भांचा प्रकार ओळखता येत नसला, तरी दोन प्रतींवरून तो ओळखता येतो. डिजिटल रिसर्च या संस्थेच्या एमपी/एम कार्यप्रणालीतील पृष्ठ-स्थलांतरक्षम फाइली या युक्तीने तयार होत. तोच मूळ मजकूर दोनदा, १००एच इतक्या अंतराने वेगवेगळ्या आरंभांसाठी असेंबल केला जाई आणि ‘जेनमॉड’ ही आज्ञावली दोन्ही प्रतींची बाइटागणिक तुलना करी. वरील उदाहरणातील आज्ञावली ००००एच साठी तयार केल्यास उडीचे बाइट ‘सी२ ०२ ००’ येतात, तर ०१००एच साठी ‘सी२ ०२ ०१’ येतात. फक्त शेवटचा बाइट वेगळा आहे, म्हणजे तोच स्थलांतरक्षम आहे.

या तुलनेतून प्रत्येक बाइटासाठी एक बिट असा नकाशा तयार होई. लोडर ज्या बाइटांचे बिट १ असेल त्यांतच आरंभपृष्ठाचा क्रमांक मिळवी. आज्ञावली नेहमी २५६ बाइटांच्या पूर्ण पृष्ठांनी सरकत असल्यामुळे कनिष्ठ बाइट कधीच बदलत नसत आणि हातच्याचा प्रश्नही येत नसे.

सापेक्ष संदर्भ

पत्त्याऐवजी अंतर लिहिणे हा स्थलांतराचा दुसरा मार्ग आहे. १९७६ मध्ये आलेल्या झायलॉगच्या झेड८० प्रक्रियकात ८०८० च्या आज्ञांखेरीज सापेक्ष उडीच्या आज्ञा होत्या. वरील उदाहरणातील उडी तेथे ‘२० एफडी’ अशा दोन बाइटांत लिहिता येते. एफडी म्हणजे उणे तीन, अर्थात पुढील आज्ञेपासून तीन बाइट मागे. आज्ञावली कोठेही ठेवली तरी हे अंतर तेच राहते, म्हणून या उडीला कोणतीही दुरुस्ती लागत नाही. अंतर एकाच बाइटात मावावे लागत असल्याने अशी उडी आज्ञेच्या स्वतःच्या आरंभापासून १२६ बाइट मागे ते १२९ बाइट पुढे एवढ्याच टप्प्यात घेता येते.

सापेक्ष संदर्भाला कधीच नोंद लागत नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. सरकणाऱ्या आज्ञेने आपल्याबरोबर सरकणाऱ्या स्थानाचा उल्लेख केला, तरच अंतर कायम राहते. तिने एखाद्या निश्चित पत्त्याचा उल्लेख सापेक्ष रीतीने केला, तर स्थलांतरानंतर अंतर बदलते आणि दुरुस्तीची गरज पडते. म्हणजे संदर्भ कोणत्या रूपात लिहिला आहे आणि त्याचे लक्ष्य सरकते की स्थिर आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

इतिहास

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने मे १९४९ मध्ये पहिली आज्ञावली चालवली. डेव्हिड व्हीलर यांनी त्यासाठी ‘आरंभिक आज्ञा’ नावाची छोटी आज्ञावली रचली होती. ती कागदी फितीवरील अक्षररूप आज्ञा वाचून त्यांचे यंत्ररूप स्मृतीत भरत असे. त्याच वर्षी तयार झालेल्या सुधारित आरंभिक आज्ञांमध्ये प्रत्येक आज्ञेच्या शेवटी एक संकेताक्षर येऊ लागले. ‘एफ’ हे अक्षर असल्यास पत्ता जसाच्या तसा घेतला जाई, तर ‘थीटा’ हे ग्रीक अक्षर असल्यास त्यात उपकार्यक्रमाचा आरंभपत्ता मिळवला जाई. निरपेक्ष व स्थलांतरक्षम संदर्भांमधील भेद अशा रीतीने आज्ञागणिक एका अक्षराने लिहिला जात असे. यामुळे उपकार्यक्रमांचा संग्रह करून तो कोणत्याही आज्ञावलीत हवा तेथे वापरणे शक्य झाले. मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे.

७ एप्रिल १९६४ रोजी घोषित झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मध्ये स्मृतीतील विदेचा व उडीच्या लक्ष्याचा पत्ता आधार-रजिस्टर आणि १२ बिटांचे अंतर यांच्या बेरजेने लिहिला जाई. अंतर ४०९५ पर्यंत असू शकत असल्याने एका आधार-रजिस्टरमधून ४०९६ बाइटांचा टप्पा गाठता येई. आज्ञांमधील बहुतेक संदर्भांना त्यामुळे दुरुस्ती लागत नसे. स्मृतीत पूर्ण पत्ता साठवणाऱ्या पत्ता-स्थिरांकांना मात्र ती लागे आणि त्यासाठी ऑब्जेक्ट मजकुरात ‘आरएलडी’, म्हणजे स्थलांतरण-कोशाची वेगळी पत्रे असत. आज्ञावली एकदा चालू झाल्यावर रजिस्टरांत व स्मृतीत खरे पत्ते भरले जात. त्यानंतर तिला हलवणे अवघड होई, कारण त्या पत्त्यांची कोणतीच नोंद कोशात नसे. आभासी स्मृतीच्या पद्धतीत प्रत्येक आज्ञावलीला स्वतःचा पत्ताविस्तार मिळतो आणि खऱ्या स्मृतीतील स्थान यंत्रणा आपोआप बदलू शकते. त्यामुळे ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली.

आधुनिक संगणकांत

आभासी स्मृती आल्यावरही स्थलांतरणाची गरज संपली नाही. अनेक आज्ञावल्यांना सामाईक ग्रंथालये एकाच पत्ताविस्तारात बसवावी लागतात. त्यासाठी स्थाननिरपेक्ष आज्ञा वापरल्या जातात. ६४ बिटांच्या एक्स८६ प्रक्रियकांत विदेचा पत्ताही चालू आज्ञेपासूनच्या अंतराने लिहिता येतो. तरीही पत्ते साठवणारी कोष्टके, उदाहरणार्थ उपकार्यक्रमांच्या पत्त्यांची यादी, लोडरला दुरुस्त करावीच लागतात.

स्थलांतरण आता सुरक्षेचाही भाग झाले आहे. स्मृतीतील मांडणी प्रत्येक वेळी यदृच्छेने बदलण्याचे तंत्र २००१ मध्ये लिनक्ससाठीच्या पॅक्स प्रकल्पाने मांडले. हल्लेखोराला उपयुक्त आज्ञांचे पत्ते आधी ठाऊक असू नयेत, हा त्यामागील हेतू आहे. ज्या आज्ञावलीत निरपेक्ष पत्ते दुरुस्तीच्या नोंदींशिवाय राहिले आहेत, तिला या तंत्राचा लाभ मिळत नाही. विंडोज प्रणालीतील ‘ईएक्सई’ फाइलमधून ‘रिलॉक’ हा स्थलांतरण-विभाग काढून टाकला, तर फाइल लहान होते. पण पुढे तिच्यातील कोणते अंक पत्ते होते हे लोडरला कळत नाही आणि आज्ञावली तिच्या ठरलेल्या पत्त्यालाच बांधली जाते.

नेहमीच्या चुका

खूणचिठ्ठीऐवजी पत्त्याचा अंक हाताने लिहिणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. असेंब्लर त्याला निरपेक्ष संख्या मानतो, त्यामुळे नोंद होत नाही आणि आज्ञावली मूळ जागेवर असेपर्यंत चूक दिसत नाही. ठरलेल्या यंत्रस्थानाला स्थलांतरक्षम विभागात खूणचिठ्ठी देणे ही तिच्या उलट चूक होय. अशा स्थानाला ‘ईक्यूयू’ ने नाव द्यावे लागते किंवा ते निरपेक्ष विभागात ठेवावे लागते. लांबी किंवा मोजणी हवी असताना नुसती खूणचिठ्ठी लिहिणे ही तिसरी चूक आहे. तेथे त्याच विभागातील दोन खूणचिठ्ठ्यांची वजाबाकी लिहिणे आवश्यक असते. आज्ञावली दोन वेगवेगळ्या आरंभपत्त्यांवर चालवून पाहिल्यास यांपैकी बहुतेक चुका उघड होतात. मात्र दुसरी चाचणी घेण्यापूर्वी पहिल्या ठिकाणची प्रत स्मृतीतून पुसून टाकावी लागते.